टोयोटा इनोव्हा : तीन पिढ्यांची तुलना – नवी घ्यावी की जुनी?

सात-आठ माणसांच्या कुटुंबाला एकाच वाहनातून आरामात प्रवास करता यावा, या गरजेतून भारतात जी मोजकी वाहने रुजली, त्यांत टोयोटा इनोव्हाचे स्थान वरचे आहे. २००५ मध्ये भारतीय बाजारात दाखल झालेल्या या वाहनाच्या आतापर्यंत तीन पिढ्या झाल्या आहेत. पहिली पिढी केवळ ‘इनोव्हा’ या नावाने, दुसरी ‘इनोव्हा क्रिस्टा’ आणि तिसरी ‘इनोव्हा हायक्रॉस’ या नावाने ओळखली जाते. जुन्या वाहनांच्या बाजारात या तिन्ही पिढ्या शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दिसतात. त्यामुळे इनोव्हा घेण्याचे ठरवलेल्या कुटुंबापुढे नवी की जुनी या प्रश्नाबरोबरच कोणत्या पिढीची, हा प्रश्नही उभा राहतो.

हे दोन्ही प्रश्न केवळ किमतीचे नाहीत. पहिल्या दोन पिढ्या आणि तिसरी पिढी यांचे नाव एक असले तरी त्यांची यांत्रिक रचना मुळातच वेगळी आहे. शिवाय वाहनाचे वय, इंधन आणि प्रदूषणविषयक मानक यांवर ते वाहन कोणत्या शहरात किती वर्षे चालवता येईल, हेही अवलंबून असते. या सर्व बाबींचा हा आढावा.

पूर्वपीठिका : क्वालिस

टोयोटा आणि किर्लोस्कर उद्योगसमूह यांच्या भागीदारीतून १९९७ मध्ये ‘टोयोटा किर्लोस्कर मोटर’ ही कंपनी स्थापन झाली. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी उभारलेल्या उद्योगाची परंपरा या समूहामागे आहे. कंपनीचा कारखाना बंगळूरुजवळील बिडदी येथे आहे.

या कंपनीचे भारतातील पहिले वाहन म्हणजे जानेवारी २००० मध्ये आलेली ‘क्वालिस’. इंडोनेशियात १९७७ पासून विकल्या जाणाऱ्या ‘किजांग’ या वाहनाच्या तिसऱ्या पिढीवर ती आधारलेली होती. दिसायला साधी, पण दणकट आणि देखभालीला सोपी अशी तिची ख्याती झाली. कुटुंबांबरोबरच पर्यटन व्यवसायानेही तिला आपलेसे केले. विक्री चांगली असतानाच २००५ च्या सुरुवातीला कंपनीने क्वालिस बंद केली आणि तिच्या जागी इनोव्हा आणली.

पहिली पिढी : इनोव्हा (२००५ ते २०१६)

इनोव्हाची बांधणी शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर केलेली होती. या पद्धतीत चौकट स्वतंत्र असते आणि तिच्यावर वाहनाचा सांगाडा बसवला जातो. मालवाहू वाहनांतही हीच पद्धत वापरली जाते. इंजिन पुढे आणि गती मागील चाकांना, अशी तिची मांडणी होती. मागील बाजूस पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असल्याने क्वालिसच्या तुलनेत प्रवास अधिक सुखाचा झाला. पुढील आणि मागील चाकांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,७५० मिलीमीटर होता.

या पिढीतील सर्वाधिक परिचित इंजिन म्हणजे २,४९४ सीसी क्षमतेचे डिझेल इंजिन. त्याची शक्ती १०२ अश्वशक्ती आणि टॉर्क २०० न्यूटन मीटर होता. दोन लीटरचे पेट्रोल इंजिनही उपलब्ध होते. गिअर हाताने बदलण्याचे आणि पाच गतींचे होते. या अकरा वर्षांत वाहनाच्या बाह्यरूपात वेळोवेळी बदल झाले. मूळ यंत्ररचना मात्र तीच राहिली.

या पिढीची बलस्थाने सर्वज्ञात आहेत. इंजिन दीर्घायुषी आहे, सुटे भाग सहज मिळतात आणि लहान गावातील मेकॅनिकलाही तिची दुरुस्ती ठाऊक असते. पण मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. २००५ ची गाडी आता वीस वर्षांहून अधिक जुनी आहे आणि या पिढीची शेवटची गाडीही दहा वर्षांच्या घरात आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत ती आजच्या मानकांच्या मागे आहे. एअरबॅग आणि एबीएस या सोयी सर्व प्रकारांत नव्हत्या. विशेषतः खालच्या किमतीच्या जुन्या प्रकारांत त्या आढळत नाहीत. लहान मुले आणि वृद्ध यांच्यासह प्रवास करणाऱ्या कुटुंबाने ही बाब दुय्यम मानू नये.

या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. ठरावीक अंतरानंतर तो बदलावा लागतो. चालू इंजिनात हा पट्टा तुटल्यास इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. म्हणून जुनी गाडी घेताना हा पट्टा शेवटचा कधी बदलला, याची पावती पाहणे आवश्यक आहे. पावती नसेल, तर पट्टा बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच व्यवहार करावा.

दुसरी पिढी : इनोव्हा क्रिस्टा (२०१६ पासून)

मे २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टाची भारतात विक्री सुरू झाली. चौकटीवरील बांधणी आणि मागील चाकांना गती ही मूळ रचना कायम होती. व्हीलबेसही २,७५० मिलीमीटरच राहिला. लांबी मात्र ४,७३५ मिलीमीटर आणि रुंदी १,८३० मिलीमीटर झाली. अंतर्गत सजावट, आवाजापासूनचे संरक्षण आणि आसनांचा दर्जा यांत मोठी सुधारणा झाली.

नवे २.४ लीटर डिझेल इंजिन १५० अश्वशक्तीचे होते. त्याचा टॉर्क मॅन्युअल गिअरसह ३४३ न्यूटन मीटर होता. पहिल्या पिढीच्या तुलनेत शक्ती जवळपास दीडपट झाली. भरलेल्या गाडीने घाट चढताना आणि महामार्गावर पुढील वाहन ओलांडताना हा फरक स्पष्ट जाणवतो. स्वयंचलित गिअरसह २.८ लीटरचे १७४ अश्वशक्तीचे डिझेल इंजिनही देण्यात आले. या नव्या इंजिनांत टायमिंग बेल्टऐवजी साखळी असल्याने पट्टा बदलण्याचा प्रश्न उरला नाही.

क्रिस्टाच्या आगमनाच्या वेळीच एक न्यायालयीन प्रश्न उभा होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २,००० सीसी व त्याहून मोठ्या इंजिनाच्या खासगी डिझेल गाड्यांच्या नोंदणीस मनाई केली होती. एक टक्का हरित उपकराच्या अटीवर १२ ऑगस्ट २०१६ रोजी ती उठवण्यात आली. या पार्श्वभूमीवर कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये २.७ लीटर पेट्रोल इंजिनाची क्रिस्टाही बाजारात आणली. जुन्या बाजारात आज पेट्रोल क्रिस्टा दिसते, तिचे मूळ या घटनेत आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने क्रिस्टा हे मोठे पाऊल ठरले. तीन एअरबॅग आणि एबीएस सर्व प्रकारांत देण्यात आले, तर सर्वांत वरच्या प्रकारात सात एअरबॅग होत्या.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले. त्या वेळी २.८ लीटर इंजिन वगळण्यात आले आणि २.४ लीटर इंजिन नव्या मानकानुसार तयार करण्यात आले. २०२२ मध्ये डिझेल क्रिस्टाची नोंदणी काही काळ थांबली होती. २०२३ मध्ये ती केवळ २.४ लीटर डिझेल इंजिन आणि मॅन्युअल गिअर या स्वरूपात परत आली.

बीएस-६ क्रिस्टा जुन्या बाजारात घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ हा गाळणीसारखा भाग असतो. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून वेगाने आणि सलग चालणे गरजेचे असते. ज्या गाडीचा वापर केवळ शहरातील दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी होतो, तिच्यात हा भाग तुंबण्याची तक्रार उद्भवू शकते. ज्यांचा प्रवास प्रामुख्याने गर्दीच्या शहरात आहे, त्यांच्यासाठी डिझेल गाडी सोयीची ठरेलच असे नाही.

तिसरी पिढी : इनोव्हा हायक्रॉस (२०२२ पासून)

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात सादर झालेल्या हायक्रॉसमध्ये कंपनीने जुनी रचना बाजूला ठेवली. स्वतंत्र चौकट गेली आणि मोनोकॉक बांधणी आली, म्हणजे सांगाडा व चौकट एकसंध झाली. गती मागील चाकांऐवजी पुढील चाकांना मिळू लागली. डिझेल इंजिन पूर्णपणे वगळण्यात आले. व्हीलबेस १०० मिलीमीटरने वाढून २,८५० मिलीमीटर झाला.

मागील चाकांपर्यंत गती नेणारा दांडा नसल्याने आणि उंच चौकट गेल्याने आतील जागा वाढली. त्याचा लाभ तिसऱ्या रांगेतील प्रवाशांना अधिक होतो. गाडीत चढणे-उतरणेही वृद्धांना तुलनेने सोपे झाले.

हायक्रॉस दोन स्वरूपांत आली. एक, दोन लीटर पेट्रोल इंजिनाची साधी गाडी. दुसरी, त्याच क्षमतेचे इंजिन आणि विद्युत मोटर यांच्या संयोगाने चालणारी हायब्रिड गाडी. हायब्रिड प्रकाराची एकत्रित शक्ती १८६ अश्वशक्ती असून चाचणीतील प्रमाणित इंधनक्षमता लीटरमागे २३.२४ किलोमीटर जाहीर करण्यात आली. दोन्ही स्वरूपांत गिअर स्वयंचलित आहे. मॅन्युअल गिअरचा पर्याय देण्यात आला नाही.

हायब्रिड गाडीची बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपात बॅटरीत साठवली जाते आणि इंजिनही आवश्यकतेनुसार बॅटरी भरते. कमी वेगात गाडी काही अंतर केवळ विजेवर चालते. म्हणूनच थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत इंधनाची बचत अधिक होते आणि मोकळ्या महामार्गावरील एकसमान वेगात ती तुलनेने कमी होते. डिझेल गाडीच्या अनुभवापेक्षा हे नेमके उलट आहे.

हायब्रिड बॅटरीसाठी कंपनीने आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली आहे. वापरलेली हायब्रिड हायक्रॉस घेताना या हमीपैकी किती काळ आणि किती अंतर शिल्लक आहे, हा किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

भारत एनकॅप या देशांतर्गत सुरक्षा चाचणीत हायक्रॉसला २०२५ मध्ये पाच तारे मिळाले. मात्र २०२२ मध्ये ही गाडी आली तेव्हा खालच्या प्रकारांत दोनच एअरबॅग होत्या आणि सहा एअरबॅग वरच्या प्रकारात होत्या. वापरलेली गाडी घेताना केवळ पिढी न पाहता नेमका प्रकार पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये आणलेली ‘इन्व्हिक्टो’ ही हायब्रिड हायक्रॉसचेच दुसरे रूप आहे. तीही बिडदी येथेच तयार होते. तिसऱ्या पिढीची वापरलेली गाडी शोधणाऱ्यांनी हा पर्यायही पाहण्यास हरकत नाही.

तिन्ही पिढ्या एका दृष्टिक्षेपात

इनोव्हा : स्वतंत्र चौकट, मागील चाकांना गती, २.५ लीटर डिझेल १०२ अश्वशक्ती, मॅन्युअल गिअर. किंमत सर्वांत कमी. वय सर्वांत अधिक. सुरक्षा साधने मर्यादित.

क्रिस्टा : स्वतंत्र चौकट, मागील चाकांना गती, २.४ लीटर डिझेल १५० अश्वशक्ती. लांबचा प्रवास, घाटरस्ते, खराब रस्ते आणि भरपूर भार यांसाठी अनुकूल.

हायक्रॉस : मोनोकॉक बांधणी, पुढील चाकांना गती, दोन लीटर पेट्रोल किंवा १८६ अश्वशक्तीची हायब्रिड. शहरी वापर, कमी इंधनखर्च आणि तिसऱ्या रांगेतील आराम यांसाठी अनुकूल.

खर्चाचा हिशेब

नवी हायब्रिड गाडी इंधन वाचवते, म्हणून ती परवडते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो तपासून पाहण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत.

समजा, वापरलेली डिझेल क्रिस्टा लीटरमागे १२ किलोमीटर आणि हायब्रिड हायक्रॉस लीटरमागे १६ किलोमीटर चालते. डिझेलचा दर ९० रुपये आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला, तर वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवासासाठी क्रिस्टाला सुमारे ७५,००० रुपयांचे आणि हायक्रॉसला सुमारे ६५,६०० रुपयांचे इंधन लागेल. म्हणजे वर्षाकाठी बचत साडेनऊ हजार रुपयांच्या आत राहते. प्रवास ३०,००० किलोमीटर असेल तर ती सुमारे २८,००० रुपये होते. दोन्ही गाड्यांच्या किमतीत दहा लाख रुपयांचे अंतर असेल, तर केवळ इंधनाच्या बचतीतून ते भरून निघणार नाही, हे उघड आहे.

याचा अर्थ नवी गाडी घेऊ नये, असा नाही. नव्या गाडीबरोबर कंपनीची हमी, आधुनिक सुरक्षा साधने आणि पूर्ण नोंदणीकाळ मिळतो. अधिकची रक्कम या गोष्टींसाठी मोजायची आहे, इंधनासाठी नव्हे, एवढे स्पष्ट असावे. दुसरीकडे, वापरलेल्या गाडीच्या कर्जावर व्याजदर साधारणतः जास्त असतो आणि टायर, क्लच, ब्रेक, निलंबनाचे बुश यांसाठी पहिल्या वर्षातच खर्च करावा लागू शकतो. तो बाजूला काढून ठेवूनच व्यवहार करावा.

करांतही बदल झाले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांनुसार मोठ्या गाड्यांवर उपकर न लावता ४० टक्के कर आकारला जाऊ लागला. पूर्वी मोठ्या हायब्रिड गाड्यांवरील एकूण कर ४३ टक्के आणि मोठ्या डिझेल गाड्यांवरील कर ५० टक्क्यांपर्यंत होता. त्यामुळे हायब्रिडला असलेली करसवलत या दोहोंपुरती संपुष्टात आली.

नोंदणी आणि वयाचे नियम

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात नियम अधिक कडक आहेत. दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा वाहनांच्या मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचे निर्देश दिले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. बीएस-४ मानक एप्रिल २०१० मध्ये दिल्ली, मुंबई, पुणे यांसह काही शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. त्यामुळे पहिल्या पिढीची इनोव्हा बीएस-३ आहे की बीएस-४, हे नोंदणी प्रमाणपत्रावर पाहिल्याशिवाय राजधानी क्षेत्रात ती घेऊ नये. क्रिस्टा सुरुवातीपासून किमान बीएस-४ आहे.

या नियमांमुळे दिल्ली परिसरातील जुन्या डिझेल गाड्या कमी किमतीत अन्य राज्यांत विकल्या जातात. महाराष्ट्रात किंवा अन्यत्र अशी गाडी घेताना मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि नव्या राज्याचा वाहनकर भरावा लागतो. ही रक्कम मिळवल्यावर गाडी खरोखर स्वस्त राहते का, ते पाहावे.

वापरलेली गाडी घेताना काय पाहावे?

इनोव्हाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका म्हणजे तिचा पूर्वेतिहास. तिन्ही पिढ्यांचा टॅक्सी म्हणून मोठा वापर झाला आहे. लाखो किलोमीटर धावलेली गाडी खासगी नोंदणीत बदलून आणि मीटरवरील आकडा कमी करून विकली जाण्याची शक्यता असते. पुढील गोष्टी तपासल्यास फसवणूक टळू शकते.

१. नोंदणी प्रमाणपत्रावरील मालकांची संख्या, नोंदणीचा दिनांक, इंधन व मानक पाहावे. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवरील नोंदींशी ते ताडून पाहावे. गाडी कधी व्यावसायिक परवान्यावर होती का, हे विचारावे.

२. अधिकृत सेवाकेंद्रातील सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. त्यांतील किलोमीटर आणि मीटरवरील आकडा जुळतो का, ते पाहावे.

३. स्टीअरिंग, पेडलचे रबर, चालकाचे आसन आणि दरवाजांच्या बिजागऱ्या यांची झीज मीटरवरील आकड्याशी विसंगत असेल, तर सावध व्हावे.

४. गाडी लिफ्टवर चढवून खालची चौकट पाहावी. कोकण, गोवा किंवा अन्य किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत गंज, तर पुरात सापडलेल्या गाडीत आसनांखाली चिखलाचे अंश आढळू शकतात. चौकटीवरील जोडकाम हे मोठ्या अपघाताचे लक्षण असते.

५. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. सुरू होण्यास विलंब, सततचा काळा किंवा निळा धूर आणि अनियमित आवाज ही इंजेक्टर, टर्बो किंवा इंजिनाच्या झिजेची लक्षणे असू शकतात.

६. मागील रांगांतील वातानुकूलन स्वतंत्रपणे तपासावे. कुटुंबातील वृद्ध आणि मुले तेथेच बसतात.

७. हायब्रिड गाडीची बॅटरी तपासणी अधिकृत सेवाकेंद्रातच करून घ्यावी आणि अहवाल लेखी घ्यावा.

८. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, तसेच गाडीवर कर्ज असल्यास नमुना ३५ व बँकेचे ना-देय पत्र घ्यावे. विम्याचे हस्तांतरण १४ दिवसांच्या आत करून घ्यावे. नोंदणी नव्या मालकाच्या नावे होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये.

निष्कर्ष

वर्षभरातील बहुतांश प्रवास शहरात होत असेल, गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची असेल आणि रक्कम उपलब्ध असेल, तर हायक्रॉस हा योग्य पर्याय आहे. लांबचे प्रवास, गावाकडचे रस्ते आणि मर्यादित रक्कम अशी स्थिती असेल, तर एकाच मालकाने वापरलेली आणि नोंदी पूर्ण असलेली क्रिस्टा समतोल साधते. पहिल्या पिढीची इनोव्हा आजही चालते. पण नोंदणीचे उरलेले वय आणि अपुरी सुरक्षा साधने पाहता कुटुंबाची मुख्य गाडी म्हणून तिची निवड विचारपूर्वकच करावी.

पिढी कोणतीही असो, समोर उभी असलेली नेमकी गाडी कोणी आणि कशी वापरली, हे जाणून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. नोंदी दाखवण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो व्यवहार सोडून देणे हिताचे ठरते.